स्त्रियांचा सामुदायिक व्यायाम आणि शाळेचे अंगण



बाईमाणसाला व्यायाम कशाला, तिचा तो घरकामात होतोच, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. रत्नागिरी जिल्ह्यात तर ते खरेच वाटावे. येथील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस; २०११ च्या जनगणनेतही येथे हजार पुरुषांमागे अकराशेंहून अधिक स्त्रिया आढळल्या. शेत, गुरे, पाणी हे सारे स्त्रीनेच सांभाळले. परंतु कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. लावणीच्या दिवसांत कंबर तासन्‌तास वाकलेली राहते. ती मागे ताणण्याचे काम कोणतेही घरकाम करीत नाही. शिवाय आता नळ आला, मिक्सर आला. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र २०२२ मध्ये भारतातील ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के होते.

कोकणातील स्त्रीला सामुदायिक व्यायाम नवा नाही. मंगळागौरीच्या जागरणात, गौरी-गणपतीच्या रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा रंगतात. फुगडीत दोघींनी एकमेकींचा भार तोलावयाचा असतो. एकीचा हात सुटला की दुसरी पडते. समूहाचा गुण तो हाच. एकटीने ठरविलेला व्यायाम चौथ्या दिवशी पाहुण्यांपायी मोडतो. शेजारीण दाराशी येऊन हाक मारते, तेव्हा तो सहसा मोडत नाही. उणीव एवढीच की, हे खेळ वर्षातून मोजके दिवस चालतात, आणि चाळिशी उलटलेली बाई भिंतीला टेकून टाळ्या वाजविते. वस्तुतः गरज तिलाच अधिक. पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते. शरीराचा भार पायांवर पेलणाऱ्या व्यायामाने ती मंदावते.

प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे सांगितले जाते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. शाळा सुटल्यावर अंगण रिकामेच असते. शाळा व्यवस्थापन समितीची संमती घेऊन ते गावच्या स्त्रियांना द्यावे. प्रथम संथ फेर, मग हात-खांद्यांचे ताण, जांभ्याच्या पायरीवर चढउतार, आणि शाळेत असेल तर लेझीम. लेझमीचा ठेका धरला की लाजरी बाईही पाय उचलते. पदर खोचलेले लुगडे असो वा सलवार, पोशाखावरून कोणाला परत पाठवू नये. वेळ मात्र स्त्रियांनीच ठरवावी. पुरुषांनी ठरविलेली वेळ नेमकी चुलीची निघते.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. चार पायऱ्यांत धाप लागणाऱ्या स्त्रीला आळशी न म्हणता आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासण्यास पाठवावे. तिला लोहाच्या गोळ्या हव्या असतील, आणि त्यांची जागा लेझीम घेऊ शकत नाही. गर्भवती व हृदयविकार असलेल्या स्त्रियांनी वैद्यांना विचारूनच यावे.

लावणीच्या आठवड्यांत वर्ग खुशाल बंद ठेवावा. नागपंचमीस तो पुन्हा भरवावा, तोही झिम्म्याने. आणि भिंतीशी बसलेल्यांना त्या दिवशी आधी फेरात घ्यावे.