पिवळी कडी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या टेबलावर प्लास्टिकची एक पिवळी कडी आहे. मनगटात घातली तर गळून पडेल एवढी मोठी. ती आहे जुन्या संगणकाच्या टेपची. आमचे मामू फोर्टातल्या एका कचेरीत संगणक ऑपरेटर होते, त्यांची ही शिल्लक.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रांचं मला जे काही कळतं ते मामूंमुळे. दहा-अकरा वर्षांचा असताना एका रविवारी त्यांनी मला कचेरीत नेलं. दाराबाहेर चपला काढायला लावल्या. मे महिना, रस्त्यावर घामाच्या धारा, आणि आत मामू स्वेटर घालून! काचेपलीकडे माणसाच्या उंचीची कपाटं ओळीनं उभी होती, प्रत्येकात टेपची दोन मोठी चाकं. ती सरळ फिरतच नव्हती. गचका, थांबा, उलटा गचका. मला वाटलं, बिघडली. मामू म्हणाले, "अरे बेटा, थांबणं हेच तर त्यांचं कसब आहे."

गाण्याची टेप एकसारखी वाहत राहते. बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात १९३५ मध्ये मॅग्नेटोफोन मांडला गेला तो आवाजासाठीच. संगणकाला मात्र थोडं वाचायचं, थांबून हिशेब करायचा आणि पुन्हा वाचायचं असतं. अमेरिकेच्या जनगणना खात्याला १९५१ मध्ये युनिव्हॅक मिळाला, त्याची टेप चक्क धातूची होती, फॉस्फर ब्राँझच्या अर्धा इंच रुंद पट्टीवर निकेलचा मुलामा दिलेली. पुढच्याच वर्षी आयबीएमनं ७२६ हे टेपयंत्र जाहीर केलं, त्यात प्लास्टिकची टेप आली. ती सेकंदाला ७५ इंच धावायची आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबायची. एका इंचात शंभर अक्षरं.

आता एवढं जड चाक इतक्या झटक्यानं थांबवायचं म्हटलं तर नाजूक टेप तुटणारच. पतंग उडवणारी मुलं काय करतात? हात आणि फिरकी यांच्यामध्ये थोडा मांजा सैल ठेवतात. आयबीएमच्या जेम्स वायडनहॅमर यांनी तसंच केलं. चाक आणि वाचणारं हेड यांच्यामध्ये एक उभी पोकळी ठेवली आणि तळाशी हवा शोषून घेतली. त्या ओढीनं टेपचा झोळ पोकळीत ताणलेला राहतो. झटका बसतो तो या हलक्या झोळाला. झोळ आखडला की चाक टेप सोडतं, फार लांबला की गुंडाळून घेतं. मी पाहिलेले गचके ते हेच.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, त्यालाही टेपयंत्रं होती. मामूंच्या कचेरीतलं काम त्यामानानं साधं, पगाराचं. टेपच्या मध्येच खाडाखोड करता येत नसे (माझ्या वहीत दुसरं काही नसतं). म्हणून जुनी टेप एका यंत्रावर वाचायची, महिन्याचे बदल कार्डांवरून घ्यायचे आणि सगळं नव्या टेपवर उतरवायचं. जुनी टेप तशीच जपायची, तिच्या आधीचीही. या तीन पिढ्यांना संगणकाच्या धंद्यात खरोखरच आजोबा, बाप आणि मुलगा म्हणत.

आणि कडी? ती चाकाच्या मागच्या खाचेत बसवली तरच यंत्र टेपवर लिहीत असे. कडी नसेल तर नुसतं वाचायचं. नवं लिहिलं की जुनं पुसलं जाई, म्हणून हा बंदोबस्त. काम संपलं की कडी काढून ठेवायची.

१९८१ च्या सुमाराला एकदा ती काढायची राहिली. दिवसपाळीच्या पोरानं नवी तयार झालेली पगाराची टेप कडीसकट मांडणीवर ठेवली. रात्री मामूंनी कोरी समजून तीच चढवली. यंत्रानं विचारलंसुद्धा, यावर जुना मजकूर आहे, लिहू का? फजरची अजान व्हायची वेळ, डोळे मिटत होते. मामूंनी 'हो' दिलं. मुलगा पुसला गेला.

बाप शाबूत होता. महिन्याची कार्डंही होती. मामू घरी गेलेच नाहीत. दुपारपर्यंत उभं राहून त्यांनी ती टेप पुन्हा तयार केली, आणि पगार ठरल्या दिवशी झाले. साहेबांनी विचारलं, कडी कुणी ठेवली? मामूंना नाव ठाऊक होतं. पोरगा नवा, अजून कायम झालेला नव्हता. मामू म्हणाले, "शेवटचा हात माझा होता." ठपक्याचा मेमो मिळाला आणि त्या वर्षीची बढती हुकली.

आयबीएमनं १९८४ मध्ये ३४८० ही चौकोनी कार्ट्रिजची टेप आणली. तिच्यात कडी नाही आणि हवेची पोकळीही नाही. तशा कार्ट्रिजवर मोठमोठ्या केंद्रांतली माहिती आजही साठवतात. मामूंची ती यंत्रं भंगारात गेली. मेमोची गोष्ट त्यांनी मला निवृत्तीनंतर सांगितली, तीही एकदाच.

मामू गेल्यावर मुमानींनी त्यांचं कपाट आवरायला काढलं. कपड्यांच्या तळाशी ही कडी होती, रुमालात गुंडाळलेली. ती माझ्या हातात देत मुमानी म्हणाल्या, "कुठल्या बरणीची आहे, बरणी काही सापडत नाही. तुला हवी तर ने."