खाली स्वतःचं नाव लिहा



मागच्या रांगांतून मघापासून जो आवाज येतोय, त्याचा अर्थ मला कळतो. माझ्या भाषणानंतर पारितोषिकं आहेत आणि त्यानंतर फिशपॉण्ड. म्हणजे तुमच्या वाटेत सध्या मीच उभा आहे. फार वेळ उभा राहणार नाही.

निवेदिकेने माझी ओळख करून देताना ‘ज्येष्ठ पत्रकार, प्रकाशक आणि समाजसेवक’ असं म्हटलं. आमच्या घरी यालाच ‘एकही काम धड नाही’ असं म्हणतात. तालुक्याचं साप्ताहिक चालवायचं, वर्षाकाठी दोन-चार पुस्तकं काढायची आणि गरजू मुलांच्या शिक्षणासाठी एक छोटा ट्रस्ट सांभाळायचा, असा हा व्याप. कामं तीन, पण भांडवल एकच. ते म्हणजे लोकांचा विश्वास. तो कसा कमवायचा, एवढंच आज बोलतो.

आमच्या अंकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपात एक ओळ असते. हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक अमुक यांनी अमुक प्रेसमध्ये छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले. १८६७ च्या कायद्यापासूनची ही रीत. एरवी ती कोणी वाचत नाही. पण ज्याला बातमी झोंबते, तो आधी तीच वाचतो आणि दुपारी दारात हजर होतो. तालुक्याच्या संपादकाला तर पळायला जागाच नाही. गुरुवारी ज्याच्याविरुद्ध छापलं, तो रविवारी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो आणि पहिल्या घासालाच विचारतो, “काय संपादक, कुणी सांगितलं तुम्हाला?” तिथे ‘सूत्रांकडून समजते’ म्हणून सुटका होत नाही. कागद दाखवावा लागतो.

एका उन्हाळ्यात एका वाडीवरच्या बायका आमच्याकडे आल्या. टँकरची एकच खेप येते म्हणाल्या. चौकशी केली, तर कागदोपत्री रोज दोन खेपा. आमच्याकडे तेव्हा तुमच्याच वयाची एक मुलगी वार्ताहर होती. ती बायकांना म्हणाली, “मावशी, भांडू नका. लिहा.” टाकीशेजारच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने रोजची तारीख आणि टँकर आल्याची वेळ लिहायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी त्या भिंतीचा फोटो आणि टँकरच्या लॉगबुकातल्या नोंदी आम्ही शेजारी शेजारी छापल्या. मजकुरात ना ‘भ्रष्टाचार’ होता, ना ‘खळबळ’. पुढच्या आठवड्यात दुसरी खेप सुरू झाली. पत्रकारितेचा कोर्स जरूर करा, पण तारीख आणि वेळ लिहायची सवय आधी लावून घ्या.

लोकांचे हाल पाहून लिहिण्याची ही परंपरा मोठी आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ हे वर्तमानपत्र सुरू केलं. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालवलं. लोखंडे गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे कामगारांचे हाल त्यांना ऐकून नव्हे, पाहून माहीत होते. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला आणि वर्तमानपत्रातून तो प्रश्न लावून धरला. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. उद्या रविवार आहे. उशिरापर्यंत झोपाल, तेव्हा या संपादकाची आठवण ठेवा. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग पसरला असताना लोखंडे रुग्णसेवेला उतरले आणि त्याच साथीत गेले. वर्तमानपत्र कुठे संपलं आणि समाजकार्य कुठे सुरू झालं, हे त्यांच्या आयुष्यात वेगळं काढता येत नाही.

याच ‘दीनबंधु’चं संपादन पुढे तानुबाई बिर्जे यांनी केलं. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या या बाईंनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पतीच्या निधनानंतर वर्तमानपत्र चालवलं. मुलींनो, नाव लिहून घ्या. आणि वर्तमानपत्र काढायला शहरच लागतं असं वाटत असेल, तर नेवासा तालुक्यातलं तरवडी आठवा. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलेला ‘दीनमित्र’ पुढे १९६७ पर्यंत त्या खेड्यातून चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पण त्याची साधी जाहिरात, रोख पैसे देऊनही, त्या काळच्या एका बड्या पत्राने छापली नाही. ज्यांना दुसऱ्याच्या पानावर जागा मिळत नाही, त्यांना स्वतःचं पान काढावं लागतं. स्वतंत्र प्रकाशन जन्माला येतं ते असं.

पुस्तकांचंही तेच. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ने काढलं. ही वाचकांनी उभी केलेली चळवळ होती. आज तर साधनं तुमच्या हातात आहेत. डीटीपी घरी होतं, छपाई शंभर प्रतींपासून होते आणि आपल्या देशात आयएसबीएन फुकट मिळतो. तुमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून छापल्यात, तर त्या पुस्तकाची एक प्रत कायद्यानेच कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाते. ज्या आजीने तालुका ओलांडला नाही, तिचं नाव तिथल्या नोंदीत लागतं.

आता पालकांच्या मनातला प्रश्न. यात पोट भरतं का? भरतं, पण ओढाताणीने. वर्गणीवर कागदाचा खर्चही निघत नाही. वकिलांच्या जाहीर नोटिसा, दुकानांच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दिवाळी अंक यांवर वर्ष निघतं. शिवाय जाहिरात देणाऱ्याविरुद्ध बातमी आली की खरी परीक्षा होते. म्हणून या वाटेला येणाऱ्याने जोडीला एखादं कसब हाती ठेवावं. मुद्रितशोधन शिका, भाषांतर शिका, मांडणी शिका. हिशेब तर शिकाच, कारण बंद पडलेल्या साप्ताहिकांपैकी बरीचशी मजकुराअभावी नव्हे, उधारीने बंद पडली.

ट्रस्टचं काम करताना दोन नियम आम्ही पाळतो. पहिला, आलेल्या प्रत्येक रुपयाची पावती फाडायची आणि वर्षाचा ताळेबंद आपल्याच अंकात छापायचा. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातोच, पण गावालाही तो दिसला पाहिजे. दुसरा, देणाऱ्याचं नाव छापायचं, घेणाऱ्या मुलाचा फोटो छापायचा नाही. दप्तर हातात देऊन फोटो काढला, की ते दप्तर मुलाचं राहत नाही, देणाऱ्याचं होतं. एका देणगीदाराने या नियमापायी चेक परत नेला. तो पैसा आम्हाला दुसरीकडून उभा करावा लागला, उशीर झाला, पण नियम मोडला नाही.

आज बक्षिसं मिळवणाऱ्या सगळ्यांचं अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत, त्यांना एक काम देतो. तुमच्या गल्लीत, वस्तीवर, एसटी थांब्यावर जे रोज खटकतं, त्यातलं एक निवडा. आठवडाभर तारीख-वेळ टाकून लिहा. ज्याच्याविरुद्ध लिहिताय, त्याला जाऊन विचारा आणि त्याचं म्हणणंही लिहा. खाली स्वतःचं नाव लिहा. टोपणनाव चालणार नाही. आमची पानं मंगळवारी लागतात. सोमवारी संध्याकाळपर्यंत आणून दिलंत आणि ते खरं निघालं, तर गुरुवारच्या अंकात छापतो, तुमच्या नावासकट.