शंभर प्रतिज्ञापत्रे

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एकीने विचारले होते, "बायकांचा आपला वेगळा पक्ष काढायला अडचण काय?" आमच्या गटाने तो काढून पाहिला. म्हणून आज कायद्याबरोबर अनुभवही सांगते.

आधी जुनी गोष्ट. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. जिल्हा परिषदा बायकांनी लढवायच्या असे ठरले. त्यासाठी समग्र महिला आघाडी उभी राहिली. सरकारने निवडणुकाच पुढे ढकलल्या. 1979 नंतर जिल्हा परिषदांची निवडणूक झाली ती थेट 1992 मध्ये. एवढी वर्षे कोणती आघाडी तग धरणार? पण आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला 1989 मध्ये सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून आली. पुढे लक्ष्मीमुक्तीत तिथल्या शंभराहून जास्त कुटुंबांनी बायकांच्या नावावर जमीन केली. ग्रामपंचायतीला पक्ष लागत नाही, हे त्यामागचे एक साधे कारण. आपापले पॅनेल उभे करता येते.

वर गेले की पक्ष लागतो. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण जिल्हा परिषदेचे तिकीट पक्षाच्या कार्यालयातून येते. अपक्ष उभे राहता येते, मात्र प्रत्येकीला वेगळे चिन्ह. एका गटात कपबशी, शेजारच्या गटात शिट्टी. प्रचार काय करणार?

म्हणून नोंदणी. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1989 पासून 29 अ हे कलम लागू आहे. पक्ष स्थापन झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज दिल्लीला पोचला पाहिजे. सोबत दहा हजारांचा डिमांड ड्राफ्ट, पक्षाची घटना, आणि किमान शंभर सभासदांची प्रतिज्ञापत्रे: मी नोंदलेली मतदार आहे आणि दुसऱ्या कोणत्याही राजकीय पक्षाची सभासद नाही. मग दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत जाहिरात, हरकती मागवायला. जाहिरातीचा खर्च ऐकून आमच्या खजिनदारबाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

पण आम्ही अडलो ते पैशांवर नाही, त्या शंभर कागदांवर.

आमची पहिली चूक तारखेची. भाऊबीजेला बायका माहेरी जमतात म्हणून त्याच आठवड्यात स्थापनेची सभा घेतली, टाळ्या झाल्या, ठराव झाला. त्या दिवसापासून तीस दिवस सुरू झाले. आणि पुढच्या आठवड्यात साक्री-शिरपूरकडच्या आमच्या कितीतरी बायका ऊसतोडीला गुजरातेत निघून गेल्या.

ज्या राहिल्या त्यांचे कागद पाहा. आधारवर माहेरचे नाव, मतदारयादीत सासरचे. एकीचे नाव दहा वर्षांपूर्वी सोडलेल्या गावात, एकीचे कुठेच नाही. नवऱ्याने टाकलेल्या एका बाईने विचारले, "त्याचं नाव लावून शपथ घेऊ का?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या पक्षाची सभासद नाही, हे वाक्य तर फारच अवघड निघाले. फोन घरात एक, तो मुलाकडे. त्याने कधीतरी मिस्ड कॉल देऊन कोणत्या पक्षाची सभासदी घेतली असेल तर? बाईला माहीत नाही, आणि खोट्या शपथेची शिक्षा मात्र तिला. काहींनी मान हलवून सांगितले, "ताई, सही करसू, पन घरमा इचारनं पडी." घरात विचारले की परत येत नव्हत्या. नाव दिल्लीला गेले की रेशन तुटेल, लाडकी बहीणचे पैसे बंद होतील, अशी भीती कुणीतरी घालून गेले होते. असा काही नियम नाही हे मी सांगत होते. पण पैसे बंद झाले तर मी भरून देणार आहे का, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

तिसाव्या दिवशी आमच्याकडे एकाहत्तर कागद होते. अर्ज पाठवला नाही.

तपासणीच नको असे मी म्हणत नाही. कागदावरचे पक्ष पुष्कळ आहेत. सहा वर्षे एकही निवडणूक न लढवलेले 334 पक्ष निवडणूक आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये यादीतून काढले. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाकडे नोंदणी वेगळी. त्यांनी 2016 मध्ये विवरणपत्रे व लेखापरीक्षित हिशेब न दिल्याबद्दल 191 पक्षांची नोंदणी रद्द केली. म्हणजे दरवर्षी हिशेब तपासनीसही लागणार. समाजवादावर निष्ठेचे कलमही घटनेत घालावे लागते. आम्हाला त्याची अडचण नव्हती. शरद जोशींना होती. ते काढण्यासाठी त्यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले होते. चांदवडला बायकांना सत्ता मागायला लावणारा हाच माणूस 2010 मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध मत देणारा एकटा होता, हेही जाता जाता सांगते. फिरत्या मतदारसंघांच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता.

आता पुढचे. स्थापनेची सभा या वेळी सगळ्यात शेवटी घ्यायची. आधी मतदारयादी. ज्यांची नावे नाहीत त्यांचे सहा नंबरचे फॉर्म आणि दुरुस्तीचे आठ नंबरचे फॉर्म उषाताईंकडे ठेवले आहेत. शंभर नव्हे, दीडशे नावे धरायची, कारण काही गळणारच. ऊसतोडीच्या बायका पावसाळ्यात गावी असतात, तेव्हा त्यांचे कागद करू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपला यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून आणा. आणि घरातल्या फोनवरून कुणी कोणत्या पक्षाला मिस्ड कॉल दिला आहे, ते आजच विचारा.