मास्तर कादर खान आणि आपल्या घरातली भाषा

(अंबाजोगाई येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पटकथा लिहावीशी वाटणाऱ्या मुलामुलींशी बोला, असं मला सांगितलं गेलं. मी पटकथाकार नाही, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत कोड लिहितो. पण तुमच्यापैकी तिघांनी आपलं लिखाण मला वाचायला पाठवलं होतं. त्यावर बोलायचंय, आणि त्यासाठी आधी एका इंजिनिअरिंगच्या मास्तरांची गोष्ट सांगावी लागेल.

कादर खान. तुम्ही त्यांना गोविंदाच्या सिनेमांतला विनोदी बाप किंवा सासरा म्हणून ओळखता. मला हवेत ते १९७० च्या आसपासचे कादर खान. भायखळ्याच्या एम. एच. साबू सिद्दीक कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवायचे, उरलेल्या वेळात नाटकं लिहायचे, बसवायचे.

जन्म काबूलचा. त्यांच्या आधीचे तिन्ही भाऊ लहानपणीच गेले म्हणून आई त्यांना घेऊन मुंबईला आली आणि कामाठीपुऱ्यातल्या गरिबीत येऊन पडली. आजूबाजूची पोरं कामाला जात होती, तसे हेही निघाले. आईने अडवलं. रोजचे तीन रुपये आयुष्यभर तीनच राहतील, गरिबी घालवायची तर शीक, असं ती म्हणाली. हे त्यांनी मुलाखतीत सांगितलंय.

आणखी एक गोष्ट तेच सांगत. आई नमाजला पाठवायची आणि हे घराजवळच्या ज्यू कब्रस्तानात जाऊन दोन कबरींच्या मधे बसायचे. दिवसभरात ऐकलेलं, मनात आलेलं मोठमोठ्याने बोलायचे. असं बोलताना कुणीतरी बघितलं आणि मुलाला नाटकात काम मिळालं. नमाज बुडवायला मी सांगतोय असं कुणी घरी जाऊन सांगू नका. पण लिहिण्याआधीची ती सवय बघा. ऐकायचं, मग एकट्याने मोठ्याने म्हणून बघायचं. कागद फार नंतर आला. १९७८ च्या 'मुकद्दर का सिकंदर'मध्ये आईच्या कबरीपाशी रडणाऱ्या पोराला दुःखाशी दोस्ती करायला सांगणारा फकीर आहे ना, ते काम खुद्द कादर खान यांनी केलंय आणि संवादही त्यांचेच. ती जागा त्यांना शोधावी लागली नसणार.

सिनेमा मिळाला तो नाटकामुळे. त्यांचं 'लोकल ट्रेन' हे नाटक स्पर्धेत गाजलं. परीक्षकांमध्ये नरेंद्र बेदी होते, त्यांनी 'जवानी दीवानी'चे संवाद लिहायला दिले. क्रॉस मैदानावर पोरं फुटबॉल खेळत होती, तिथेच बसून काही तासांत लिहून काढले, असं ते सांगत. मिळाले १,५०० रुपये. सिनेमा १९७२ चा.

मग मनमोहन देसाई. हा माणूस सरळ तोंडावर बोलणारा. तुम्ही मियाँ लोक शायरी करता, मुहावरे घालता, मला ते नको. लोक टाळ्या वाजवतील असं लिहून आण, नाही आवडलं तर फाडून गटारात टाकीन. ही धमकी 'रोटी'च्या क्लायमॅक्ससाठी होती. कादर खान लिहून घेऊन गेले तेव्हा देसाई गल्लीत पोरांबरोबर खेळत होते. त्यांनी लांबूनच ओठांत शिवी दिली. मास्तरांना ओठ वाचता यायचे! शिवी कळली, तरी त्यांनी थांबून सगळं वाचून दाखवलं. देसाईंनी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. त्या कामाचे १,२१,००० रुपये झाले, आणि ओठ वाचायची ती युक्ती पुढे 'नसीब'मध्ये वापरली, असं कादर खान सांगत.

देसाईंचं ते 'मियाँ लोक' मला खटकतं. मुसलमान म्हणजे शायरी, हे तेव्हाही ठरलेलं होतं. पण कादर खान यांनी उत्तर दिलं ते भांडून नाही, कामाठीपुऱ्यात कानावर पडलेली भाषा लिहून. 'अमर अकबर अँथनी'चे संवाद त्यांचेच. पुढच्या काळातले त्यांचे बरेच सिनेमे मला बघवत नाहीत, बायकांवरचे ते विनोद तर अजिबात नाहीत. तेही सांगायला हवं.

आता तुमचं लिखाण. तिन्ही पटकथांमध्ये घर मुसलमानाचं आहे, आणि तिन्हींत अम्मी पाहुण्यांना 'तशरीफ रखिए' म्हणते. अंबाजोगाईत कुणाची अम्मी असं म्हणते? ती म्हणते, 'अरे, इधरच बैठ, उदर नक्को.' तो 'च' मराठीतला, 'नक्को'ही मराठीतलाच. शतकानुशतकं शेजारी राहून झालेली ही दखनी आहे. अब्बा मोंढ्यात मराठी बोलतात, दादीशी दखनी, आणि शाळेच्या अर्जावर मातृभाषा उर्दू लिहितात. एका दिवसात तीन भाषा बदलणारा माणूस मी मराठी सिनेमात क्वचितच पाहिलाय. हिंदीत ही बोली आली ती मेहमूदसारख्यांच्या तोंडी, हसण्यापुरती. तुमच्या घरात याच बोलीत कुणाचं लग्न मोडलं असेल, कुणी जमीन विकली असेल.

दुसरी गोष्ट, का लिहायचं ही. एकाने मला लिहिलं, मुसलमानांची प्रतिमा सुधारायची म्हणून लिहितोय. त्याचा राग खरा आहे. पडद्यावर आपण दिसतो ते कव्वालीत नाहीतर बॉम्बस्फोटात. पण प्रतिमा सुधारायला बसलं की पात्रं वकिली करायला लागतात. त्याच्या पटकथेतला नायक पहिल्या पानावर रक्तदान करतो, दुसऱ्यावर झेंडावंदन. त्याला काय हवंय हे मला अकराव्या पानापर्यंत कळलं नाही.

मुलीची पटकथा जास्त चांगली आहे. बहिणीचं शिक्षण बारावीनंतर थांबतं, ती अर्ज लपवून ठेवते, तो पिठाच्या डब्यात सापडतो. डबा उत्तम. पण मग बाप भाषण ऐकतो आणि दोन मिनिटांत सुधारतो. एवढ्या लवकर सुधारू देऊ नका त्याला. तो का अडवतोय? पैसे, लोकांची तोंडं, की रात्री परत येणारी शेवटची एसटी? ते त्याच्या तोंडून, त्याच्या बोलीत येऊ दे. त्याचंही थोडं पटलं पाहिजे, तरच मुलीच्या भांडणाला वजन येईल.

नोकरी सोडायला मी सांगत नाही. मास्तरांनी पहिले संवाद लिहिले तेव्हा पगार कॉलेजचाच होता.

पुढच्या भेटीला प्रत्येकाने एकच प्रसंग आणा. दोन माणसं, घरातली एक जागा, एकाला काहीतरी हवंय आणि दुसरा देत नाही. दोन पानं पुरेत. आणायच्या आधी मोठ्याने वाचा, आणि नावं तेवढी बदला, मोहल्ल्यात राहायचंय आपल्याला.