स्टॅक की हीप?

अमरावती-अकोल्यात काय नि कुठेही काय, सी भाषा शिकताना एक चूक बहुतेकांकडून होते. समजा, अकोल्याच्या बाजार समितीसाठी कापसाचं एकूण वजन काढणारं फंक्शन लिहिलं. उत्तर ‘वजन’ या स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि परत पाठवला त्याचा पत्ता! व्हेरिएबल होतं स्टॅकवर, म्हणजे फंक्शनपुरत्या मेमरीत. फंक्शन संपलं की ती जागा मोकळी. पत्ता तोच, घरात भलताच भाडेकरू.

२००९मध्ये गूगलनं जाहीर केलेल्या गो भाषेत मात्र हे बिनदिक्कत चालतं. तिथला कंपायलर पत्त्याचा माग काढतो. पत्ता फंक्शनबाहेर जातोय? मग व्हेरिएबल हीपवर, म्हणजे फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत. खात्री नसली तरी हीपच. प्रोग्राम थोडा संथ झालेला परवडतो, चुकलेला नाही. विचारलं तर कंपायलर ओळ क्रमांकासह सांगतोही: ‘मूव्ह्ड टू हीप’. आपल्या कोडबद्दलचा हा खुलासा वाचायला मला तरी मजा येते.

हीपवरचा कचरा, म्हणजे जिच्याकडे कोणताच दुवा उरला नाही अशी जागा, गार्बेज कलेक्टरला उचलावा लागतो. मुंबईच्या आयआयटीतले उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७च्या शोधनिबंधात पुढचा प्रश्न हाताळला: हीपवरचा कोणता दुवा यापुढे वापरलाच जाणार नाही? तो आधीच तोडला, की जागा लवकर सुटते.