खर्जाच्या तारेवरची थाप



बेस गिटार हे वाद्य आता सोलापुरास परके राहिलेले नाही. गणेशोत्सवातील आणि लग्नसमारंभांतील ऑर्केस्ट्रांत ते आपण पाहिले असेल. ऐकले असेलच असे मात्र नाही, कारण त्याचा आवाज इतका खालचा की तो कानापेक्षा छातीला आधी कळतो. चार जाड तारा, आणि त्यांतील सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ कंपने करणारी. हे वाद्य सामान्यतः उजव्या हाताच्या दोन बोटांनी तार ओढून वाजवितात. पण त्याची एक दुसरी रीत आहे. अंगठ्याच्या हाडाने तारेवर थाप मारावयाची, आणि तर्जनीने दुसरी तार खालून उचलून सोडून द्यावयाची. तार पडद्यांवर आपटते आणि 'धुम' व 'तक' असे दोन बोल निघतात. इंग्रजीत हिला स्लॅप म्हणतात. आम्ही आपल्या भाषेत थापच म्हणणार आहोत.

या थापेविषयी घराघरांतून वाद होतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, तार ही छेडण्याची वस्तू आहे, बडविण्याची नव्हे. तरुण म्हणतात, थाप आली नाही तो वादकच नव्हे. दोघांनाही ही रीत कोठून आली ते ठाऊक असते, तर वाद निम्मा झाला असता.

ती आली गरजेतून. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरी मोठे उभे बेस वाजविणारे लोक होते. तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. पितळी वाद्यांच्या गदारोळात बोटाने छेडलेली तार कोण ऐकणार? म्हणून ते तार ओढून पट्टीवर आपटू देत. पुढे १९५४ साली मेंफिस शहरी एल्व्हिस प्रेस्लीचे पहिले गाणे मुद्रित झाले तेव्हा तालवाद्यवाला नव्हताच. बिल ब्लॅक याने उभ्या बेसवर थापा मारून ती उणीव भरून काढली. विजेवर चालणाऱ्या बेस गिटारवरील थापेची हकीकतही तशीच. लॅरी ग्रॅहम हा कॅलिफोर्नियात वाढलेला तरुण आपल्या आईच्या गाण्यास व पियानोस साथ करी. ड्रमवाला राहिला नाही. मग मोठ्या ढोलाचे काम अंगठ्याने आणि लहान ताशाचे काम तर्जनीने करावयाचे, असे त्याने ठरविले. स्लाय अँड द फॅमिली स्टोन या मंडळीबरोबर १९६९ मध्ये त्याने वाजविलेल्या गाण्याने ही रीत जगभर गेली.

पाहा, तीन ठिकाणी तीन माणसे, आणि प्रत्येक वेळी कारण हेच की काहीतरी कमी होते. कोठे आवाज, कोठे ढोल.

आता आपल्याकडे या. रामजोशींच्या गावात तुणतुणे म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. एक तार, एक स्वर. आणि तीच लयही धरते. पण गोंधळात संबळ जवळ असते, तमाशात ढोलकी कडाडत असते, म्हणून तुणतुण्याने फार उठाठेव केलेली आपण ऐकत नाही. ते आपले निमूटपणे चालू असते. याउलट यल्लम्माच्या जोगतिणींचे चौंडके घ्या. काखेत धरलेले लाकडी नळकांडे, एका तोंडास कातडे, कातड्याच्या मध्यातून निघालेली तार, आणि ती ताणून छेडली की निघणारा तो गुरगुरणारा, वरखाली घसरणारा आवाज. हे तंतुवाद्य की तालवाद्य? शास्त्री मंडळींनी खुशाल ठरवावे. जोगतिणीस ताल आणि खर्ज दोन्ही एकाच हातातून हवे होते, आणि चौंडक्याने ते दिले. ग्रॅहमच्या अंगठ्याने जे केले त्याची जातकुळी हीच. तेव्हा तार बडवू नये हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. आमच्या मातीत ती पूर्वीपासून कातड्याशी नाते जोडून आहे.

परंतु थापेची किंमत मोजावी लागते, आणि ती तरुणांस कोणी सांगत नाही. तार पडद्यांवर आपटली की आघात तीक्ष्ण होतो, वरचे उपस्वर उसळतात. पण त्या तुलनेने खालचा भरीव, गोल स्वर मागे पडतो. म्हणजे ज्या खर्जासाठी हे वाद्य निर्माण झाले तोच थोडा गहाण पडतो. पखवाजाच्या धुमेवरची कणीक काढून टाकावी आणि मग जोरात थापी मारावी, तसा काहीसा प्रकार. ज्यांना शंका असेल त्यांनी मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांतील जेम्स जेमर्सनचे वादन ऐकावे. हा मनुष्य बहुतेक सर्व काम उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने करी. थाप नाही, चमक नाही. आणि तरी गाणे त्याच्याच खांद्यावर उभे असते.

मग आपल्या गावातील मुलगा थापेच्या इतका मागे का लागतो? आमच्या मते त्याचा फार दोष नाही. लहान ऑर्केस्ट्रात बेसवाल्याचे मानधन परवडत नाही; की-बोर्डवाल्याचा डावा हात तेच काम उरकून टाकतो. त्यात मांडवातील कर्णे असे, की ४१ कंपनांचा स्वर त्यांतून बाहेरच पडत नाही. पडतो तो फक्त थापेचा टणत्कार. म्हणून मुलास वाटते, थाप मारली तरच मी आहे. ही त्याच्या पोटाची आणि मानाची गोष्ट आहे. तिला नुसते हसून भागणार नाही. पण तो करतो काय? ढोलकी आहे, ऑक्टोपॅड आहे, हलगीवाला हौसेने येऊन उभा आहे, आणि हाही त्यांत चौथा बडवणारा होतो. गाणारी बिचारी मध्ये चेपून जाते, आणि खाली जमीन कोणीच धरीत नाही. ज्या कामासाठी याची गरज होती ते सोडून हा दुसऱ्याचे काम करू लागला, मग मालकाने त्यास का ठेवावे?

थाप जाणत्या हाती कशी शोभते हे पाहावयाचे तर दूर जावयास नको. मुंबईत १९९६ साली जन्मलेल्या मोहिनी डे यांचे वादन ऐकावे. वडील स्वतः बेस वाजविणारे, त्यांच्याकडेच शिक्षण. ए. आर. रहमान, झाकीर हुसेन अशांच्या साथीस त्या बसल्या. दक्षिणेकडील तालाचे बोल तोंडाने म्हणत तेच थापेने तारेवर काढण्याची त्यांची हातोटी आहे. तेथे थाप ही केवळ आपट राहत नाही. तबल्याप्रमाणे तिला अक्षर येते. हे अमेरिकेहून उसने आणलेले नाही, येथे मिळविलेले आहे.

थापेची जागा कोणती असे विचाराल तर आमचे उत्तर साधे आहे. ढोलकीवाला स्तब्ध आहे, गाणारी श्वास घेते आहे, दोन ओळींमध्ये मोकळी जागा आहे. तेथे अंगठा उचलावा आणि खुशाल मारावा. लावणीच्या ठेक्यात ढोलकीचा तुकडा संपून सम येते, त्या समेवर एकच थाप द्यावी. ती दहा थापांपेक्षा भारी पडते. भावगीतात मात्र तिला दाराबाहेर ठेवावे, याविषयी आम्ही कोणाचेही ऐकणार नाही. आणि शिकणाऱ्याने पहिले वर्षभर बोटानेच वाजवावे. तार दाबणारा डावा हात कच्चा असेल, तर उजव्या हाताची थाप तो कच्चेपणा झाकीत नाही, सर्वांस ऐकवते.

आता बोलणे पुरे. आपल्याच गावातील दोन तरुण वादक वाद्यांसह येथे बसले आहेत. एकाकडे ढोलकी आहे, दुसऱ्याकडे बेस गिटार. एकच चाल ते प्रथम बोटाने, मग थापेने, आणि शेवटी ढोलकी बंद ठेवून केवळ थापेने वाजवून दाखविणार आहेत. मागील रांगांतील मंडळींनी थोडे पुढे सरकावे, म्हणजे खालची तार ऐकू येईल.