विंचू काळा की तांबडा?



मला दिलेला विषय आहे, 'साहित्यात प्रतीक की साधी भाषा?' यातला 'की' मला पहिल्यापासून खटकतो. पण यजमानाने मांडलेला पाट डुगडुगतो अशी तक्रार जेवणाआधी करू नये, म्हणून पत्र आले तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

आरंभ माझ्याच एका फजितीने करतो. मी शाळेत मराठी शिकवीत असे. एकदा नाथांचे विंचवाचे भारूड घेतले. विंचू म्हणजे कामक्रोध, त्यावर उतारा सत्त्वगुणाचा, असे सगळे फळ्यावर नीट लिहून दिले. मागच्या बाकावर बालाघाटाच्या खडकाळ रानातून येणारा एक मुलगा बसे. तो उठला आणि म्हणाला, "गुरुजी, विंचू काळा की तांबडा?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि "तू परीक्षेत कामक्रोध लिही" असे सांगून त्याला खाली बसविले.

तांबडा विंचू लहान असतो, पण त्याचा डंख जिवावर बेततो. काळा दिसायला थोराड, मानाने सौम्य. हे त्या मुलाला ठाऊक होते, मला नव्हते. त्याने भारुडातला विंचू खरा मानला होता, आणि नाथांनीही तो खराच मानला होता. म्हणून तर भारुडात आधी डंख बसतो, माणूस ओरडतो, ऐकणारे हसतात, आणि अर्थ मागाहून विषासारखा हळूहळू चढतो. मी अर्थ आधी सांगितला आणि विंचू तिथेच मारून टाकला.

प्रतीक आधी खरी वस्तू असावी लागते, एवढेच मला आज सांगायचे आहे. त्यासाठी लांब जायला नको. तुमच्या या किल्ल्यापाशी १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. उदगीरचा विजेता म्हणून भाऊंचे नाव गाजले, आणि त्या यशाच्या बळावर परतूरच्या मुक्कामी उत्तरेच्या मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांना ही बातमी कळली ती कुण्या सावकाराच्या पत्रातून, अशी परंपरा आहे. दोन मोत्ये गळाली, २७ मोहरा गेल्या, आणि रुपे-तांबे किती गेले त्याची गणतीच नाही, असा त्यातला आशय. मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि रुपे-तांबे म्हणजे तुमच्याआमच्या घरची माणसे.

हा मजकूर कवीचा नाही, पेढीवरचा आहे. सावकाराला उपमा सुचली म्हणून त्याने असे लिहिलेले नाही. वाटेत पत्र कुणाच्या हाती पडेल याची त्याला धास्ती होती. पण त्याने उचललेले शब्द त्याच्या रोजच्या खतावणीतले होते, म्हणून वाचणाऱ्याला कोशाची गरज पडली नाही. मुलगा आणि भाऊ गेले हे पेशव्यांना एका ओळीत कळले. उलट, त्या रुप्या-तांब्यापाशी मात्र मी दर वेळी अडखळतो. मोत्ये मोजली, मोहरा मोजल्या. तांबे कोण मोजतो? प्रतीकाने सावकाराच्या मनातला भाव बाजारभावासकट उघडा केला. साध्या वाक्यात तो कदाचित झाकून राहिला असता.

साधी भाषा झाकते, असे म्हटले की लोक दचकतात. 'टंचाई' हा शब्द घ्या. किती साधा! त्यात ना अलंकार, ना रूपक. वर्षानुवर्षे सरकारी कागदांत 'दुष्काळ' असे लिहायचे टाळून 'टंचाई' लिहिले गेले. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या पाण्यासाठी रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारा, हा शब्द साधा आहे का म्हणून.

तेव्हा केवळ सोपेपणाची पूजा मी करणार नाही. सोपेपणाचा खरा मान राखला तो महानुभावांनी. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजांना नागदेवाचार्यांनी अडविले, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित झाल्या असत्या. आणि गंमत पाहा, त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत बंद करून ठेवले. भाषा म्हातारीला कळेल अशी, आणि अक्षर पंडितालाही लागू नये असे! विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा ते दार बाहेरच्यांना उघडले. लिहिणारा दुर्बोध नव्हता. कुलूप वेगळ्याच ठिकाणी होते.

मर्ढेकरांविषयी मला हेच वाटते. १९४७ साली त्यांच्या 'काही कविता' निघाल्या आणि मराठीत दुर्बोधतेचा गहजब झाला. अश्लीलतेचा खटला भरला गेला, त्यातून ते १९५२ साली सुटले. सर्वांत जास्त चेष्टा झाली ती पिंपातल्या उंदरांच्या कवितेची. उंदीर म्हणजे काय, यावर विद्वानांनी कागद खर्ची घातले. पण उंदीर आधी उंदीरच आहेत! ज्याने मोंढ्यातल्या गोदामात मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकला आहे, त्याला त्या कवितेचा पहिला शहारा टीकाकाराच्या आधी येतो. शिवाय मर्ढेकरांनी आपली पुष्कळ कविता ओवी-अभंगाच्या जुन्या वाटेनेच चालविली.

मात्र त्यांची प्रत्येक कविता अशी उघडते, असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी एका प्रतिमेवरून दुसरीवर ते अशी उडी घेतात की मधला सांधा त्यांच्याच मनात राहतो. तिथे वाचकाला दोष देणे हा अन्याय आहे. आणि त्यांच्यामागून आलेल्या काहींच्या कवितेत तर न पाहिलेले समुद्र आणि न चाखलेली निराशा इतकी आहे, की तिथे विंचू काळा की तांबडा हे कवीलाच सांगता येणार नाही.

तो मुलगा पुन्हा वर्गात कधी उठला नाही. परीक्षेत त्याने 'कामक्रोध' लिहिले; मी पूर्ण गुण दिले. ते गुण आजही माझ्या अंगावर आहेत.

माझे बोलणे संपले. आता आपण प्रश्न विचारावेत. मागच्या रांगेतल्यांनी आधी विचारावेत.